दाराजवळच्या खांबाची बारा चित्रं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपले मोठे साहेब. प्रमुख पाहुणे, कॉलेजातले रेखाटनाचे सर. फुलांच्या गुच्छामागे जवळजवळ दिसेनाशा झालेल्या सत्कारमूर्ती, आपल्या स्टोअरच्या आक्का. पहिल्या ओळीत नवा कोट घालून बसलेले आक्कांचे मिस्टर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे दाजी. दोन्ही पाळ्यांतल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, तुमच्याबरोबर आलेल्या घरच्या मंडळींनो, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे दाराजवळ उभ्या असलेल्या सगळ्यांनो, नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यापुढे ‘मनोगत, पाच मिनिटे’ असं छापलंय. ते पाच मिनिटांत होणार नाही, हे आधीच कबूल करतो. साहेबांचं भाषण चालू होतं तेव्हा आक्कांनी व्यासपीठावरून माझ्याकडे एक चिठ्ठी पाठवली. स्टोअरची पिवळी चिठ्ठी, ज्यावर आपण खिळे आणि बल्ब मागतो ती. चिठ्ठीत चार ओळी आहेत. त्यातली शेवटची ओळ अशी: ‘तू बोलत राहा.’ आता सत्कारमूर्तीची आज्ञा कोण मोडणार? आधीच्या तीन ओळी मी शेवटी वाचून दाखवीन. त्या वाचेपर्यंत कोणीही जागचं उठू नये, एवढी विनंती.

फक्त मागे उभ्या असलेल्यांना ही विनंती लागू नाही. तुम्ही सगळे पुढे या. हो, पुढे, इथे व्यासपीठासमोर सतरंजीवर भरपूर जागा आहे. लहान मुलांनाही पुढे पाठवा. मुकादम, तुम्हीसुद्धा. त्या खांबाला पाठ टेकून उभं राहायची तुमची वीस वर्षांची सवय आहे, मला माहीत आहे, पण आज जरा पुढे या. तुमच्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही. या, या. सावकाश. खुर्च्या सरकवू नका, आवाज होतो.

छान. सुतारकाका आणि चार हमाल बाहेर गेलेत, त्यांची वाट बघू नका. त्यांना एक काम सांगितलंय.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी देखभाल खात्यातला. मला इथे भोवरा म्हणतात, कारण मी एका जागी टिकत नाही. या वह्यांच्या कारखान्यात येण्याआधी मी तंबू ठोकलेत, फोटोंच्या चौकटी केल्यात, बोटीवर दोरखंड गुंडाळलेत आणि एका दवाखान्याच्या दारात बसून लोकांचे नंबर पुकारलेत. शाळा तर मी अशी सोडली की शाळेला अजून पत्ता नसेल. तेव्हा माझं बोलणं इकडून तिकडे जाईल. तंबूवाल्यांचा आमचा म्होरक्या म्हणायचा, “अरे, तुला दोरी आणायला पाठवलं की तू गाठीच्या गप्पा मारत येतोस.” त्यानेच मला एक गोष्ट शिकवली होती. मोठा तंबू एकदम कधी पडत नाही. आधी दोऱ्या गातात. वारा नसतानाही बारीक आवाज येतो, आणि ज्याचा कान तयार असतो तो तंबूतून बाहेर पडतो. बाकीचे म्हणतात, काय सुरेल आवाज आहे!

असो. आलो मूळ मुद्द्यावर. आक्का.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी एक फार चांगली योजना काढली, आणि ती चांगली होती हे मी आजही म्हणेन. शनिवारी सकाळची पाळी माफ. त्या वेळात कॉलेजात जायचं. मुख्य विषय आपल्या कामाचा आणि दोन ऐच्छिक विषय आपल्या आवडीचे. ऐच्छिक म्हणजे काय, हे आम्हाला कुठे ठाऊक? आयुष्यात आम्हाला ‘तुझी इच्छा काय’ असं विचारलंय कोणी? तेवीस विषयांची यादी नोटीस बोर्डावर लागली आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर ही गर्दी! लग्नाला स्थळं बघावीत तसे सगळे विषय बघत होते. पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या, “संगणक घ्या गं, हात काळे होत नाहीत.” यंत्रावरचे अण्णा म्हणाले, “मी बागकाम घेतो. रोपं तरी उलटून बोलणार नाहीत.”

मी काय केलं? आधी हवामानशास्त्र घेतलं. ते चौथ्या मजल्यावर होतं, म्हणून सोडलं. मग स्वयंपाकशास्त्र घेतलं. तिथे खायला देतात असं वाटलं होतं. आधी भांडी घासायला देतात. शेवटी भाषणकला घेतली, कारण तो वर्ग तळमजल्यावर होता आणि त्याला लेखी परीक्षा नव्हती. हे असं माझं शिक्षण. पण आमच्या भाषणकलेच्या बाई फार करारी. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: ‘घाईचं काम हळू आवाजात सांगावं.’ मी म्हटलं, “बाई, घाईचं असेल तर ओरडायला नको का?” बाई म्हणाल्या, “ओरडलास की लोक तुझ्याकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. आणि मग धावतात. धावणारा माणूस दार शोधत नाही, तो गर्दी शोधतो.” तेव्हा मला ते कळलं नव्हतं. परीक्षेत विचारणार नाहीत म्हणून लिहूनही घेतलं नव्हतं.

आक्कांनी मात्र एकच फेरी मारली त्या यादीसमोर आणि रेखाटनावर बोट ठेवलं. सगळे हसले. मीही हसलो, आक्का, खोटं कशाला बोलू. मुकादम म्हणाले होते, “आक्का, या वयात? आता काय साहेबांचं चित्र काढणार?” आक्का म्हणाल्या, “साहेब एका जागी बसले तर काढीन.” दाजी घरी म्हणाले होते म्हणे, “त्यापेक्षा शिवणकाम घे, निदान माझ्या विजारी होतील.” दाजी, हसू नका, सांगितलंय मला त्यांनी.

एकदा स्टोअरच्या खिडकीशी मी आक्कांना विचारलं, “आक्का, रेखाटनच का?” त्या खिळे मोजत होत्या. मोजणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “बावीस वर्षं वस्तू मोजल्या रे. एकदा तरी बघायच्या आहेत.”

या वाक्याला टाळ्या हव्या होत्या, पण नकोत. आज टाळ्या हळूच वाजवू या. मनातल्या मनात.

आता सरांविषयी. सर इथे बसलेत म्हणून नाही सांगत, पण सरांचा पहिला गृहपाठ ऐकून अर्धा वर्ग बागकामाला गेला. गृहपाठ असा: आपल्या कामाच्या जागेतली एक वस्तू निवडा. दर आठवड्याला तीच काढा. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, तेवढ्याच अंतरावरून. वर्षभर. आणि डोक्यात आहे ते काढू नका, समोर आहे ते काढा. आक्कांना जेवणाची सुट्टी अर्धा तास. त्या याच हॉलमध्ये, म्हणजे आपल्या कॅन्टीनमध्ये, आत्ता मी उभा आहे जवळपास तिथे खुर्ची टाकून बसायच्या. खुर्चीच्या चारी पायांना खडूने खुणा केलेल्या. समोर काय दिसतं? दाराजवळचा खांब, त्याच्या शेजारी दाराची चौकट, आणि दोघांच्यामध्ये भिंतीची एक उभी पट्टी. तेच काढायचं ठरलं. भाजी-भाकरीचा डबा एका मांडीवर, वही दुसऱ्या मांडीवर. आपण कोणीतरी रोज जाता जाता विचारायचो, “काय आक्का, खांब हसला का आज?” त्या म्हणायच्या, “नाही, पण उभा राहायचा कंटाळा आलाय त्याला.”

आपण हसायचो. त्या मात्र हसत नव्हत्या, हे कोणाच्या लक्षात आलं होतं का?

चौदाव्या आठवड्याला सरांनी त्यांच्या चित्रावर लाल फुली मारली. सर, चालेल ना सांगितलेलं? सर म्हणाले होते, “बाई, तुमचा खांब वाकडा आलाय.” आक्का म्हणाल्या, “वाकडाच आहे.” सर म्हणाले, “खांब वाकडे नसतात. हात वाकडे असतात.” आक्कांनी पुढच्या शनिवारी पुन्हा तोच काढला. पुन्हा फुली. तिसऱ्या फुलीनंतर सर स्वतः इथे आले. खिशातून खोडरबर काढलं, दोऱ्याला बांधलं आणि खांबाच्या वरच्या टोकाशी दोरा धरून खाली सोडला. मी तेव्हा इथेच शिडीवर होतो, बल्ब बदलत. खोडरबर झोके घेत घेत थांबलं. वर दोरा खांबाला चिकटलेला आणि खाली खांबापासून दोन बोटं दूर. सर बराच वेळ त्या दोन बोटांच्या फटीकडे बघत राहिले. मग त्यांनी आक्कांची वही मागून घेतली आणि तिन्ही फुल्या स्वतःच्या हाताने खोडल्या. असा मास्तर मला शाळेत भेटला असता तर मी कदाचित भोवरा झालो नसतो.

तो बल्ब लावून मी घरी गेलो. मला काहीच वाटलं नाही. खरं सांगतो, काहीच नाही.

आता थोडं माझ्याविषयी बोलावं लागेल. सत्कार दुसऱ्याचा असताना स्वतःविषयी बोलू नये, हा बाईंचा दुसरा नियम. पण नाइलाज आहे.

खांब वर जाऊन तुळईला जिथे भेटतो तिथे एक जुनी भेग आहे. माझ्या कितीतरी आधी कोणी इंजिनिअर आले होते. त्यांनी त्या आडव्या भेगेवर उभी, हाताएवढी काचेची पट्टी चिकटवली, आणि खाली कागद लावला: ‘काच फुटल्यास तातडीने दखल घ्यावी.’ ते निघून गेले, पुन्हा आले नाहीत. कागद राहिला. आता आपल्या कारखान्याचा अभिमान काय आहे? त्या फलकावर लिहिलंय तेच: ‘आमच्याकडे मोडकी वस्तू एक दिवससुद्धा राहत नाही.’ मोडका बल्ब, मोडकी कडी, मोडकं चाक, सगळं त्याच दिवशी नवं. देखभाल खात्याला सलग सहा वर्षं ढाल मिळाली ती यासाठीच. तर काच फुटली की आम्ही तातडीने दखल घ्यायचो.

आम्ही काच बदलायचो.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मला चौकटीच्या दुकानामुळे काच कापता येते. मुकादम सांगायचे, “भोवऱ्या, खांबाची काच गेली रे.” मी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन चिठ्ठी द्यायचो: काच एक. आक्का काच द्यायच्या. मी शिडी लावायचो, जुने तुकडे काढायचो, नवी चिकटवायचो, पुसून चकचकीत करायचो. वहीत लिहायचो: फुटली, बदलली, सही. किती वेळा? अकरा वेळा. आणि सांगायला लाज वाटते, सहाव्या वेळी मी वैतागलो आणि जाड काच लावली. म्हटलं, बघू आता कशी फुटते. ती फुटली तेव्हा मला काचेचा राग आला.

एकटा मीच नाही. हे पुढचं दार, आत्ता तुमच्या पाठीमागचं, घासायला लागलं, तर सुतारकाकांनी ते उतरवून रंधा मारला. पुन्हा घासलं, पुन्हा रंधा. तीन वेळा. आता तर ते अर्धंच उघडतं; आज आत येताना तुम्ही सगळे एकेक करून, अंग चोरून आलात. फरशी उचलली गेली, तर आम्ही खाली सिमेंट भरून ती बसवली. आपल्यापैकी कोणी कामचुकार नाही. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. घराला ताप आला आणि आपण सगळे मिळून तापमापी पुसत बसलो.

आक्कांनी मात्र हळूहळू ते जुळवलं. एका दुपारी मी नववी काच मागायला गेलो, तर त्यांनी काच दिलीच नाही. म्हणाल्या, “आत ये.” स्टोअरच्या टेबलावर त्यांनी वर्षभराची चित्रं ओळीने मांडली होती आणि त्यांच्याखाली माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे.

“वाच,” म्हणाल्या.

“काय वाचू? माझंच अक्षर आहे.”

“दोन चिठ्ठ्यांच्या मधे किती दिवस आहेत ते वाच.”

पहिल्या दोन काचांमध्ये दोन महिने होते. मग सहा आठवडे. मग महिना. मग पंधरा दिवस. मग आठ.

मी म्हटलं, “आक्का, काचेचा मालच वाईट येतोय.” आक्कांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी या जन्मी विसरणार नाही. चिडून नाही. खांबाकडे बघायच्या तसं बघितलं. डोक्यात आहे ते नाही, समोर आहे ते.

त्या चित्रं घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब, मी बाहेर उभा होतो, त्यामुळे मला ऐकू आलं. तुम्ही मन लावून सगळी चित्रं बघितलीत. म्हणालात, “आक्का, सुंदर! या वयात हा हात! यातली बारा निवडा, महिन्याला एक. चौकटीत घालून कॅन्टीनमध्ये लावू या.” आणि तुम्ही शब्द पाळलात. चौकटी मीच केल्या. मंडळी, ती बघा तुमच्या उजव्या भिंतीवर, बाराची बारा. येता-जाता सगळ्यांनी कौतुक केलंय. आज पहिल्यांदा माझ्या सांगण्यावरून एक करा. डावीकडून सुरुवात करा, आणि खांबाकडे बघू नका, दाराच्या चौकटीकडेही बघू नका. दोघांच्या मधल्या पट्टीकडे बघा. पहिल्या चित्रात ती वर-खाली सारखी आहे. पाचव्यात बघा. आठव्यात. आता शेवटच्या. खाली बोटभर आहे. वर किती आहे?

बरोबर, मावशी. पेन्सिलच्या रेघेएवढी.

हळू. कोणी उठू नका अजून. दाजी, बसा. आक्कासुद्धा बसल्यात, बघा. माझं बोलणं संपलेलं नाही.

चौकटी लागल्या आणि चारच दिवसांनी आक्कांना पत्र आलं. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. पत्रात लिहिलं होतं: ‘आपल्या कलेला पूर्ण वेळ देता यावा म्हणून.’ आक्कांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, “बघ भोवऱ्या, ऐच्छिक विषय घेतला की असं होतं. नंतर काहीच ऐच्छिक राहत नाही.” मी म्हटलं, “आक्का, भांडा ना.” त्या म्हणाल्या, “नोकरीसाठी भांडले तर खांबाचं ऐकणार नाहीत. म्हणतील, म्हातारी जागा टिकवायला भिंत पाडतेय.” आणि त्यांनी सही केली. साहेब, मी तुमचा अपमान करत नाहीये. तुम्ही वाईट माणूस असता तर हे सोपं झालं असतं. तुम्हाला चित्रं आवडली, एवढंच झालं.

आजच्या कार्यक्रमासाठी पाहुण्यांच्या गाड्या अंगणात लागाव्यात म्हणून अंगणातले कागदाचे गठ्ठे हलवले. चार दिवस हमाल तेच करत होते. कुठे हलवले? वर. आपल्या डोक्यावरच्या मजल्यावर, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कागद हलका असतो असं ज्याला वाटतं त्याने गठ्ठा उचललेला नसतो. वर मावले नाहीत ते तुमच्या डाव्या हाताच्या, पडद्यामागच्या दाराला बाहेरून लावून ठेवले. माणसाच्या डोक्याइतकी रास.

काल संध्याकाळी पाच वाजता मी अकरावी काच लावली. जाड. पाहुणे येणार म्हणून पुसून चकचकीत केली.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो, आणि मग संपवतो. सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या झडपेतून ऊन येतं आणि त्या काचेवर पडतं. व्यासपीठावरून ते दिसतं. तुमची त्या बाजूला पाठ आहे. काच अखंड असली की उन्हाची एक तिरीप चमकते. तुटलेली असली की दोन चमकतात. साहेब ‘कुटुंब’ या शब्दावर बोलत होते, तेव्हा एक होती. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर दोन होत्या. आक्कांनी बघितलं, व्यासपीठाच्या पायरीशी उभा होतो म्हणून मीही बघितलं. आक्कांनी साहेबांच्या कानात सांगितलं. साहेब हसले आणि म्हणाले, “नंतर.”

नंतर झालं, साहेब. आता चिठ्ठी वाचतो.

‘काच एक. फुटली.

पुढचं दार खांबाच्या कुशीत आहे, तिकडून कोणाला जाऊ देऊ नको.

सुतार आणि हमालांना सांगून बाजूचं दार मोकळं कर. दार उघडेपर्यंत

तू बोलत राहा.’

मी जे काही इकडचं तिकडचं बोललो, तंबू, बोट, बागकाम, ते सगळं त्या गठ्ठ्यांसाठी होतं. ओरडलो असतो तर तीनशे माणसं त्या अर्ध्या दारावर गेली असती, थेट त्या खांबाखाली. बाई, तुम्ही इथे नाही आहात, पण तुमचा फळा मला आठवला.

तो पडदा हलला. सुतारकाकांचा हात दिसतोय मला. दार उघडलंय.

आता माझं एकच सांगणं आहे, आणि ते मी हळू आवाजात सांगतो. डाव्या हाताच्या दाराने बाहेर पडायचं. अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत जायचं. आधी सतरंजीवरची मुलं, ज्याच्या जवळ जे मूल असेल त्याने ते उचला, आपलं-परकं बघू नका. मग सगळ्यात मागची ओळ. मग तिच्या पुढची. पिशव्या राहू द्या, चपला राहू द्या. टाळ्या वाजवू नका, पाय आपटू नका. मुकादम, तुम्ही दाराशी उभे राहा आणि माणसं सोडा. या कारखान्यात तुमच्याइतकं रांगेत कोणी चालवत नाही. अण्णा, मावशींचा हात धरा. भांडण नंतर.

असंच. छान चाललंय. सर, तुम्हीही उतरा. साहेब, उतरा. नाही साहेब, वर बघू नका, पायाखाली बघा.

लोक जातायत तोवर आभार मानून घेतो. रीत मोडायला नको. अध्यक्षांचे आभार, त्यांनी आम्हाला शिकायला पाठवलं, नाहीतर आज कोणाला काहीच दिसलं नसतं. सरांचे आभार, त्यांनी फुल्या खोडल्या. सुतारकाकांचे आणि हमालांचे आभार, पाच माणसांनी वीस मिनिटांत ती रास हलवली. आणि आक्का, तुमचे. बावीस वर्षं मोजून झाल्यावर तुम्ही बघितलंत.

भाषणाच्या शेवटी म्हणायची पद्धत असते, काही उणंअधिक बोललो असेन तर माफ करा. बोलण्याची माफी मी मागत नाही. मी अकरा काचांची माफी मागतो. अकरा वेळा या खांबाने सांगितलं आणि अकरा वेळा मी त्याचं तोंड पुसलं. ती माफी आज देऊ नका. बाहेर गेल्यावर आधी आपापली माणसं मोजा, सगळी भरली तर द्या.

दुसरी ओळ. पहिली. दाजी, तुम्ही जा, त्या येतायत. आक्का, चला. नाही म्हणतायत, मंडळी. दारात उभ्या राहून मोजतायत. मोजू दे, ते त्यांचं काम आहे.

आक्का, तिरिपी दोनच आहेत, पण मघाशी एकीखाली एक होत्या. आता शेजारी शेजारी आहेत. खांब सरकलाय.

झाले सगळे? एकसुद्धा नाही आत?

सन्माननीय रिकाम्या खुर्च्यांनो, आता तुमची रजा घेतो. कर्णा बाहेर फाटकावर लावलाय, तेव्हा अंगणातल्या मंडळींना माझा आवाज येत असेल. मी हा माईक चालूच ठेवून टेबलावर ठेवतोय आणि आक्कांना घेऊन बाहेर येतोय. आम्ही दारातून दिसलो की कोणी ओरडू नका, आणि कर्ण्याकडे कान द्या. इथवर मी बोललो. यापुढे जो आवाज येईल तो माझा नसेल.